करारावर सही कोणाची?

१९४० साली शांता आपटे यांनी एक पुस्तक लिहिलं. नाव ठेवलं 'जाऊ मी सिनेमांत?' प्रश्नचिन्हासकट. त्या वेळी शांताबाई नावारूपाला आलेल्या होत्या, त्यांची गाणी घराघरात होती. अशा बाईनं पुस्तक लिहायचं म्हणजे लोकांना वाटणार, आता ही पडद्यामागच्या गमतीजमती सांगेल, दागिने-साड्यांचं बोलेल. शांताबाईंनी लिहिलं भलतंच. सिनेमाचा धंदा भांडवलावर कसा चालतो, त्यात राबणाऱ्या माणसाच्या अंगातली ताकद कशी पिळून घेतली जाते, आणि नटी म्हणजे सुद्धा शेवटी राबणारी बाईच कशी, हे त्यांनी मांडलं. सिनेमात जायची स्वप्नं बघणाऱ्या मुलींना त्यांनी आधी विचार करायला सांगितलं.

मैत्रिणींनो, हे पुस्तक ८० वर्षांहून जुनं आहे. तरी आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे आजही एखाद्या घरात मुलगी म्हणाली की मला नाचायचंय, मला काम करायचंय, तर जी चर्चा होते ती शांताबाईंनी उचललेल्या प्रश्नाच्या अलीकडेच थांबते. आम्ही विचारतो, "लोक काय म्हणतील?" त्यांनी विचारलं होतं, "पैसे कोणाच्या हातात पडतील? सुट्टी मिळेल का? काम सोडायचं म्हटलं तर सोडता येईल का?" पहिला प्रश्न मला आता कंटाळवाणा वाटतो. दुसऱ्या प्रश्नांचा इतिहास मात्र आपण बायांनी वाचायला पाहिजे, म्हणून हा लेख.

आमचा मुलूख तसा दोन भाषांच्या बांधावरचा. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. मग राज्यांची नवी वाटणी झाली, राजधानी भोपाळला गेली, आणि घरात मराठी, कचेरीत हिंदी असा आमचा संसार सुरू झाला. आता तर पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसरसकट. पण नाटक, सिनेमा, गाणं यांना या रेषा कधी कळल्या नाहीत. नागपूरकडून मराठी सिनेमा यायचा, जत्रेत तंबू लागायचा. आम्हा जैन घरांतल्या बायांची एक सोय होती. सूर्यास्ताआधी जेवणं उरकलेली, भांडी घासून पालथी पडलेली, त्यामुळे संध्याकाळचा खेळ आम्हाला अगदी बरोबर पडायचा! परवानगी मिळाली तर, हे अर्थात आलंच.

माझी एक चुलत आजी बिजवराला दिलेली होती. ती सोळाची, आजोबा चाळिशीच्या पुढचे, दुकान मोठं. तिनं 'कुंकू' पाहिला होता. तो सिनेमा १९३७ चा, प्रभातचा, नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. त्यात शांता आपटे नीरा झाल्या होत्या. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली, आणि हे लग्न मी मानत नाही असं तोंडावर सांगणारी मुलगी. हिंदीत तोच सिनेमा 'दुनिया न माने' नावानं निघाला. आजी कधी जास्त बोलायची नाही, पण या सिनेमाचं नाव निघालं की म्हणायची, "तिनं म्हटलं वं, आमच्यानं म्हणणं नाही झालं." बस, एवढंच. पडद्यावरची एक बाई दुसऱ्या बाईच्या वतीनं बोलली, याची किंमत आजीला कळत होती.

पण पडद्यावर "नाही" म्हणणाऱ्या त्या बाईला स्वतःच्या कामाच्या जागी "नाही" म्हणता येत होतं का? खरा इतिहास इथून पुढे आहे.

प्रभात कंपनी १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ ला पुण्यात आली. तेव्हाच्या मोठ्या कंपन्यांमध्ये नट-नट्या महिन्याच्या पगारावर असायच्या, गिरणीत किंवा कचेरीत असतात तशा. चित्रीकरण असो की नसो, हजेरी लावायची. करार असायचा, आणि कराराच्या मुदतीत दुसरीकडे काम करायची मुभा नसायची. याचा एक फायदा होता, हे आपण मान्य करू. दर महिन्याला पैसे येत, बाईला निर्मात्यांच्या दारोदार फिरावं लागत नसे. तोटा असा की सिनेमा कितीही चालला तरी पगार तो पगारच, आणि बाहेर पडायचं तर कंपनीनं दार उघडायला हवं.

१९३९ च्या जुलै महिन्यात शांता आपटे प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. भांडण कराराचं आणि पगाराचं होतं. कंपनीची बाजू वेगळी होती, आणि तिथे कोण किती बरोबर होतं याचा निवाडा करायला मी बसलेली नाही. मला नवल वाटतं त्या बसण्याचं. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं, देशभर त्याची चर्चा होती. तेच हत्यार एका नटीनं उचललं आणि आपल्या मालकाच्या दारात नेऊन ठेवलं. लोक हसले असतील, वर्तमानपत्रांना तर मेजवानीच मिळाली. उपवास आम्हाला नवा नाही. दशलक्षणात दहा-दहा दिवस उपास करणाऱ्या बाया आमच्या गल्लीगल्लीत आहेत, पारण्याला त्यांची वाजतगाजत मिरवणूक निघते. पण मजुरीच्या हिशेबासाठी बाईनं उपाशी बसायचं, तेही भर रस्त्यावर, हे मी तरी त्यांच्याआधी कोणाचं ऐकलेलं नाही. त्यानंतर त्या प्रभातमधून बाहेर पडल्या, आणि पुढल्याच वर्षी पुस्तक आलं. म्हणून त्या पुस्तकातला राग पुस्तकी नाही.

शांताबाईंच्या आधी या धंद्यात आलेल्या दुर्गाबाई खोटे यांची वाट जरा निराळी. त्यांचं आत्मचरित्र 'मी, दुर्गा खोटे' १९८२ ला निघालं. जन्म १९०५ चा, वडील मुंबईतले नामांकित सॉलिसिटर, शिक्षण इंग्रजी शाळेत आणि सेंट झेवियर कॉलेजात, लग्न खानदानी श्रीमंत घरात. सासरचा पैसा बुडाला, घरात दोन लहान मुलगे, आणि कमवायची वेळ आली. आधी शिकवण्या केल्या. मग १९३१ ला 'फरेबी जाल' नावाच्या सिनेमात एक छोटं काम केलं. सिनेमा वाईट होता आणि समाजानं बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. दुसरी एखादी तिथेच संपली असती. दुर्गाबाईंना १९३२ ला प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती मिळाली. हा पहिला मराठी बोलपट. आणि तारामतीच्या भूमिकेनं एका दमात कालची निंदा धुऊन निघाली! हरिश्चंद्राची बायको झाली म्हणजे बाई सोज्वळ ठरते, असा आपला हिशेब. काम तेच, कॅमेरा तोच.

पुढे दुर्गाबाई एकाच कंपनीला बांधून राहिल्या नाहीत. पुण्यात प्रभातकडे काम केलं, कलकत्त्याला न्यू थिएटर्सकडे गेल्या, मुंबईत केलं, स्वतः निर्माती झाल्या. १९३६ च्या 'अमर ज्योती'त त्यांनी जुलमी सत्तेविरुद्ध उभी राहिलेली, जहाजं लुटणारी राणी रंगवली. त्याच सिनेमात शांता आपटेही होत्या. एकाच चित्रात काम केलेल्या या दोघींचं पुढचं आयुष्य मी नेहमी शेजारी ठेवून बघते. दुर्गाबाई पन्नास वर्षं काम करत राहिल्या, 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई झाल्या, १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. आत्मचरित्रात त्या आपल्या धंद्याबद्दल एखाद्या वकिलानं वकिलीबद्दल बोलावं तसं बोलतात. काम आहे, करायचं, नीट करायचं, पैसे मागायचे.

हे बळ कुठून आलं? त्यांची हुशारी, मेहनत, रूप, सगळं होतंच. पण मला विचाराल तर मी आधी माहेर म्हणेन. वडील कायद्याचे जाणकार, परत यायला घर, हातात शिक्षण. जिला परतायला दार असतं ती बाई समोरच्याला "जमणार नाही" म्हणू शकते. हे सिनेमातच नाही, आपल्या घरातल्या सुनांनाही लागू आहे.

लीला चिटणीस यांचंही असंच काहीसं. त्या धारवाडच्या, पदवीधर, नाटकातून आलेल्या, चार मुलांची आई. 'कंगन', 'बंधन', 'झूला' गाजले. १९४१ ला लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, त्या साबणाच्या जाहिरातीतली पहिली भारतीय नटी म्हणून त्यांचं नाव घेतात. दहाएक वर्षांत त्या 'आवारा'मध्ये नायकाच्या आई झालेल्या होत्या. बाईचं वय सिनेमात फार घाईनं वाढतं. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'चंदेरी दुनियेत'. शेवटी त्या मुलांकडे अमेरिकेला गेल्या आणि २००३ मध्ये तिकडेच वारल्या.

आता हंसा वाडकर. त्यांच्यावर मी जास्त लिहिणार, कारण त्यांचं पुस्तक आमच्या बायांत सगळ्यात जास्त फिरलं आणि सगळ्यात जास्त लपवलं गेलं. 'सांगत्ये ऐका' हे त्यांचं आत्मकथन आधी 'माणूस'मध्ये आलं, मग १९७० ला पुस्तक झालं. त्या बोलत गेल्या, शब्दांकन अरुण साधू यांनी केलं. म्हणून ते वाचताना शेजारी बसून कोणी सांगतंय असं वाटतं. आमच्या ओळखीच्या एका घरात हे पुस्तक स्तोत्रांच्या पुस्तकांखाली ठेवलेलं असायचं. सासूनं पाहिलं तर म्हणायची, "काय वाचून राहिली वं? त्या नाचणारीचं? काहून?" आणि तीच सासू दुपारी चष्मा लावून तेच वाचताना दिसायची.

हंसाबाईंचं खरं नाव रतन साळगावकर, जन्म १९२३ चा. घरचं नाव पडद्यावर नको म्हणून वाडकर लावलं. इथेच थांबून विचार करा. मुलीनं कमावलेले पैसे घराला चालतात, तिच्या नावापुढे घराचं नाव मात्र चालत नाही. १९३६ च्या 'विजयाची लग्ने'मध्ये त्या नायिका झाल्या तेव्हा तेरा वर्षांच्या. आपल्या घरातली तेरा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणा. शाळेची वेणी, गुडघ्याला खरचटलेलं. तिच्या खांद्यावर घराचा किराणा.

लवकर लग्न झालं. हंसाबाईंची इच्छा काय होती? काम सोडून घरी बसायची, मुलंबाळं, स्वयंपाक, संसार करायची. आपल्यातल्या पुष्कळजणींना घरातून बाहेर पडायचं असतं, त्यांना घरात शिरायचं होतं. पण नवऱ्यालाही त्यांचं काम हवं होतं, आईलाही हवं होतं. करार दुसऱ्यांनी ठरवायचे, पैसे दुसऱ्यांनी मोजायचे, तोंडाला रंग त्यांनी लावायचा. 'संत सखू' केला, 'लोकशाहीर राम जोशी' तुफान चालला, 'पुढचं पाऊल' आला. आणि १९५९ ला अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. पुण्यात एकाच चित्रपटगृहात तो १३० आठवड्यांहून जास्त चालला. अडीच वर्षं म्हणा ना. इतकं यश त्या वेळी मराठीत कोणाच्या वाट्याला आलं होतं?

आणि याच यशाच्या मागेपुढे त्या घर सोडून गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. एकदा तर मराठवाड्यातल्या एका गावात, एका माणसाच्या घरी, आधीच्या दोन बायका असताना तिसरी म्हणून काही वर्षं काढली. घराबाहेर पडायची मुभा नाही. सिनेमातली गाजलेली नटी चुलीपुढे कोंडलेली. दारूचं सांगतात, चुका सांगतात, कोणाला माफ करत नाहीत आणि स्वतःलाही नाही. आमच्यातल्या काहीजणी म्हणतात, तिनं एवढं उघडं सांगायला नको होतं. मला नाही पटत. बाकीच्या सगळ्यांनी तिच्या आयुष्यातून काही ना काही घेतलं. सांगणं तेवढं तिचं स्वतःचं होतं, त्यावर कोणाची कात्री चालली नाही.

१९७१ ला त्या गेल्या. पुढे १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी त्या पुस्तकावरून 'भूमिका' केला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाईंनी तो पाहिला नाही.

तर यश आणि स्वातंत्र्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक मिळालं की दुसरी आपोआप येते, असं मासिकांतल्या मुलाखती वाचून वाटतं. हंसाबाईंकडे यश ढीगभर होतं. दुर्गाबाईंना ज्या दिवशी पहिल्यांदा नाव ठेवलं गेलं, त्या दिवशीही त्या हंसाबाईंपेक्षा जास्त मोकळ्या होत्या.

सिनेमाचं सोडा, आमच्याकडचंच बघा. विदर्भात आणि आमच्या या पट्ट्यात खडी गंमत चालते, दंडार चालते. मंडईच्या दिवसांत रात्रभर ढोलकी ऐकू येते. खडी गंमतीत बाईचं काम पुरुष करतो, त्याला नाच्या म्हणतात. लुगडं नेसून, गजरा माळून तो अशी कमर लचकवतो की बाया तोंडाला पदर लावतात. घरी गेला की तो पुन्हा शेतमजूर नाहीतर संत्र्याच्या बगीच्यातला गडी. गाव त्याची थट्टा करतं, पण त्याला गावाबाहेर ठेवत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या तमाशात बाई स्वतः उभी राहिली, आणि तिला मात्र गावानं तंबूतच ठेवलं. रात्री दौलतजादा, सकाळी विटाळ.

आमच्या धर्मातही एक नर्तकी आहे, नीलांजना. पंचकल्याणक पूजा बघितलेल्या बायांना ती माहीत आहे. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात ही कथा येते. ऋषभदेवांच्या सभेत नीलांजना नाचते आहे, नाचता नाचता तिचं आयुष्य संपतं. इंद्र त्याच क्षणी तिच्या जागी तिच्यासारखीच दुसरी उभी करतो, नाच थांबत नाही. सभेला कळत सुद्धा नाही. ऋषभदेवांना कळतं, आणि त्यांना वैराग्य येतं. आपण ही कथा संसाराच्या क्षणभंगुरतेसाठी ऐकतो, आणि तो अर्थ आहेच. पण मी एक बाई म्हणून ऐकते तेव्हा मला दरवेळी त्या भरल्या सभेचं वाटतं. एवढ्या लोकांत एकालाच दिसलं की नाचणारी बदलली.

विठाबाई नारायणगावकर यांच्याबद्दल जो प्रसंग सांगतात तो ऐकला की मला ही सभा आठवते. भाऊ-बापू नारायणगावकरांच्या फडातली ही मुलगी, जन्म १९३५ चा. नऊ महिने भरलेले असताना बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या. मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली, आणि लुगडं कसून पुन्हा पुढे आल्या. प्रेक्षक थांबायला तयार नव्हते. पुढे त्यांना राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव मिळाला, १९५७ आणि १९९० ला. शेवटचे दिवस हलाखीत गेले, २००२ ला वारल्या. नंतर त्यांच्या नावानं सरकारनं पुरस्कार सुरू केला. ही बाळंतपणाची गोष्ट लोक कौतुकानं सांगतात, केवढी जिद्द म्हणून. जिद्द होतीच. पण तिकीट काढलेल्या त्या हजार माणसांत एक बाई तरी उठून म्हणाली असती, "अरे, तिला निजू द्या," तर? बाया तिथे नसायच्याच म्हणा.

आमच्या मंडळातल्या एका मुलीनं दोन-तीन वर्षांपूर्वी नीलांजनेचं नृत्य केलं होतं. सगळ्यांनी डोळे पुसले, बक्षिसं दिली, तिच्या आईला म्हणाले, "पोरगी म्हणजे सोनं आहे माय." त्याच मुलीनं नंतर नागपूरच्या एका नृत्यपथकात पगारावर काम करायचं ठरवलं, तेव्हा त्याच लोकांनी आईला रस्त्यात थांबवून समजावलं. आई माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, तुम्ही त्या नट्यांचे पुस्तकं वाचता, तुम्हीच सांगा, धाडू का नाही?"

मी तिला धाड किंवा धाडू नको असं काहीच सांगितलं नाही. पथकाचा करार मागवला. तीन पानांचा होता, इंग्रजीत. आम्ही तिघी, शेजारचा वकिलीचा मुलगा धरून चौघं, दुपारभर बसलो. दोन वर्षं दुसरीकडे काम करायचं नाही असं एक कलम होतं. आजारी पडली तर काय, हे कुठेच नव्हतं. रात्रीच्या कार्यक्रमानंतर घरी सोडायची जबाबदारी कोणाची, तेही नव्हतं. आणि पैसे 'पालकांच्या' खात्यावर जमा होणार होते. मुलगी बावीस वर्षांची!

त्यांनी पहिलं कलम सहा महिन्यांवर आणलं, गाडीचं लिहून दिलं. आजारपणाचं मानलं नाही. खातं मुलीच्या नावानं उघडलं, सौंसरच्या बँकेत. बाप दोन दिवस जेवणाच्या ताटावर बोलला नाही, मग बोलला. आता ती शुक्रवारी दुपारच्या बसनं नागपूरला जाते आणि सोमवारी परत येते. मधल्या दिवसांत गल्लीतल्या सात-आठ मुलींना शिकवते. गेल्या महिन्यात एक कार्यक्रम तिनं स्वतःहून नाकारला. पथकवाल्यांनी त्या दिवसाचे पैसे कापले. ती कापलेली रक्कम बरोबर आहे का, हे बघायला मायलेकी पुन्हा तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या होत्या.